पंचावन्न हजारांत विमान बसवताना

जळगावात माझं कम्प्युटर असेंबल करून द्यायचं दुकान आहे. टॅलीवाले, कॉलेजची पोरं आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, एवढीच बहुतेक गिऱ्हाइकं. विमानाच्या सिम्युलेटरसाठी पीसी मागायला कोणी आलं की मात्र मी हातातलं काम बाजूला सारतो. ही केस मागच्या उन्हाळ्यातली आहे आणि तिचा हिशोब माझ्या डोक्यात अजून पुरता जुळलेला नाही.

रावेरच्या पुढच्या एका गावचे केळीवाले भाऊ आणि बारावी सायन्स झालेली त्यांची मुलगी असे दोघं आले. मुलीला कमर्शिअल पायलट लायसन्स काढायचंय. दुसऱ्या एका दुकानाचं कोटेशन काउंटरवर ठेवत भाऊ म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही. घेऊ का नको, तेवढं सांगा."

कोटेशनवर मोठ्या अक्षरांत आय-सेव्हन, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, लिहिलं होतं. पिढी लिहिलीच नव्हती. बोर्डाचा नंबर पाहिला तर चौथी पिढी, म्हणजे २०१३ चा माल, रिफर्बिश्ड, वापरलेला दुरुस्त करून विकलेला. सोबत डीडीआर-३ रॅमची एकच ८ जीबीची पट्टी, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे चार पंखे आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा लोकल एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आय-सेव्हन ऐकलं की बापाला वाटतं पोरासाठी चांगलंच घेतलं. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्याला कळत नाही त्याच्याकडून दिव्यांचे पैसे घ्यायचे आणि एसएमपीएस मात्र असा द्यायचा की गावाकडे व्होल्टेज वरखाली झालं की बोर्डासकट जळेल.

मी मुलीला विचारलं, "ताई, घरी नेट कसलं आहे?" ती म्हणाली, "मोबाइलचं हॉटस्पॉट, दादा. संध्याकाळी गच्चीवर बरं चालतं."

बजेटमध्ये पीसी जोडताना लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. सिम्युलेटरसाठी मी नेटपासून करतो. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर १५० जीबी जागा मागतो आणि वर जमिनीची चित्रं उडता उडता नेटवरून ओढतो. त्याची किमान अट ५ एमबीपीएसची, शिफारस २० ची. २०२४ ची आवृत्ती डिस्कवर कमी जागा घेते, पण नेटवर जास्तच अवलंबून आहे. गच्चीवरच्या हॉटस्पॉटवर यातलं काही धड चाललं नसतं. म्हणून दुसरा सिम्युलेटर, एक्स-प्लेन १२. ते एकदा डिस्कवर उतरवलं की जमीन, डोंगर, धावपट्ट्या सगळं घरच्या घरी.

मुलगी हिरमुसली. मोबाइलवरच्या व्हिडिओंत लोक स्वतःच्या घरावरून विमान नेताना तिने पाहिले होते आणि तिला तेच हवं होतं. एक्स-प्लेनमध्ये तापी आणि सातपुडा जागेवर असतात, पण शेतं सगळीकडे एकसारखी, ठोकळेबाज. तिच्या गावची केळी त्यात कुठून दिसणार? "मग नुसतं शिकायपुरतंच," ती म्हणाली आणि गप्प झाली. ते मला लागलं.

यावर एक उपाय आहे. ऑर्थो-फोर-एक्सपी नावाचं मोफत साधन उपग्रहाच्या फोटोंवरून एक्स-प्लेनची जमीन तयार करतं, एक अक्षांश गुणिले एक रेखांश अशा चौकोनांत. जळगावचं विमानतळ २१ अक्षांशाच्या जरा खाली, रावेर ७६ रेखांशाच्या जरा पलीकडे. म्हणजे जळगावहून उडून तिच्या गावावर पोचायचं तर तीन चौकोन लागतात. दुकानातल्या फायबरवर मी ते रात्रभर बनवत ठेवू शकत होतो. अडचण एकच. हे फोटो ग्राफिक्स कार्डाची मेमरी खातात. ४ जीबीच्या कार्डावर जमीन धूसर होते, नाहीतर चित्र अडखळतं.

बजेट पंचावन्न हजार, मॉनिटर सोडून. घरचा टीव्ही वापरायचं ठरलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००. सिम्युलेटरचा मुख्य भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे कोअर मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी, बघायची. ५६००-जी नावाला जवळचा, पण त्यात एल-३ कॅश १६ एमबी, यात ३२. शिवाय याच सॉकेटमध्ये पुढे ९६ एमबीवाला थ्रीडी कॅशचा प्रोसेसर बसतो, म्हणजे बोर्ड वाया जात नाही. बोर्ड बी-५५० चा, कारण निवडलेलं आरएक्स ६६०० कार्ड बोर्डाशी बोलायला पीसीआयच्या आठच लेन वापरतं, मग त्या वेगवान, चौथ्या पिढीच्या असलेल्या बऱ्या. कार्ड ८ जीबीचं, १३२ वॉटचं. तेवढ्यासाठी ब्रॉन्झ रेटिंगचा चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस भरपूर होतो. रॅम १६ जीबी, ८-८ च्या दोन पट्ट्या. एका पट्टीत रॅमचा एकच चॅनल, म्हणजे ये-जा करायचा एकच रस्ता, चालतो, हे बिलावर कुठेच दिसत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वरून काळ्या मातीची धूळ. काचेच्या पेटीत कार्ड भाजून निघेल.

कार्ड घेतल्यावर हातात जेमतेम जॉयस्टिकचे पैसे उरले. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो दिली. तिचा दांडा पिळला की रडर, म्हणजे विमानाच्या शेपटीवरचं सुकाणू, फिरतो, म्हणजे पायांचं काम मनगटाने करायचं. पायातले पेडल बसले नाहीत. कार्ड हलकं घेतलं असतं तर बसले असते.

घ्यायला आले त्या दिवशी मी त्यांना फ्रेमचा आकडा दाखवला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं बदलतात ते. नेमबाजीच्या गेमला १०० फ्रेम लागतात, इथे स्थिर ३० पुरतात. पण २० च्या खाली जाऊ द्यायच्या नाहीत. तिथे एक्स-प्लेन विमानाची वेळच संथ करतं. ठरावीक वळणात विमान दोन मिनिटांत पूर्ण गोल फिरायला हवं, ते भिंतीवरच्या घड्याळाने तीन मिनिटं घेतं, आणि शिकणाऱ्याचा हात चुकीच्या वेळेला बसतो. जुन्या आय-सेव्हनवर हेच झालं असतं.

मुलीने जळगावहून सेस्ना १७२, शिकाऊंचं छोटं विमान, उचललं. ५५ नॉट्सला नाक वर. भुसावळ, मग खंडव्याकडे जाणारा लोहमार्ग, उजव्या हाताला हतनूरचं पाणी, सावदा, रावेर. तोवर भाऊ खुर्चीत मागे टेकून होते, ते उठून स्क्रीनपाशी आले. "थांब, थांब. ही आपली विहीर." विमान थांबत नाही म्हणून तिने पॉज केलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "इथं केळीची मृगबाग हाय आता. फोटोत रान मोकळं दिसतंय. जुना फोटो हाय हा." मग शेजारच्याचा बांध, पाटचारी, गावाबाहेरचं मंदिर. बराच वेळ ते बोटाने शेत मोजत राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, घरी उडवलेले तास लायसन्सला धरतात का. मी स्पष्ट नाही म्हणालो. २०० तास लागतात, ते फ्लाइंग स्कूलमध्येच भरावे लागतात, घरच्या पीसीवरचा एकही तास त्यात जात नाही. इथे खोटी आशा विकणं मला पाप वाटतं.

तेव्हापासून मी हेच घोळवतोय. पेडल घेतले असते तर तिच्या पायांना सवय लागली असती. टेकऑफला सेस्नाचं नाक डावीकडे ओढतं, ते उजव्या पायाने सावरायचं असतं, ती मनगटाने सावरते. दुसरीकडे, सिम्युलेटरवर शिकून आलेली मुलं बाहेर न बघता समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांकडेच बघत बसतात, ही प्रशिक्षकांची जुनी तक्रार. खाली ओळखीचा रूळ, ओळखीचं धरण दिसलं तर ती बाहेर बघणारच. त्या हिशोबाने ८ जीबीच्या कार्डाचे पैसे शिकण्यावरच गेले. फोनवर मी तिला सांगितलं, स्क्रीनवरच्या घड्याळांवर पुठ्ठा लाव आणि नुसत्या रुळावरून रावेर गाठ. आता तिला ते जमतं. उतरताना मात्र विमान अजून धावपट्टीवर तिरकं येतं, आणि ते पायांशिवाय सुटेल असं मला वाटत नाही.

पेडलचं कोटेशन मी काढून पाठवलंय. केळीच्या कांदेबागेचा माल गेला की घेऊ, म्हणालेत भाऊ.