स्टिअरिंग सोडा

रेसिंग सिम्युलेटरमध्ये टायरचं गणित लिहिणं हे माझं काम. आमच्या गेममधली ड्रिफ्ट, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवणं, खोटी वाटते, ही तक्रार तीन महिने माझ्या मागे लागली होती. गाडी आडवी व्हायची, धूर निघायचा, दिसायला सगळं झकास. पण एका वळणावरून उलट्या वळणात गाडी टाकली की ती भेलकांडून गोल फिरायची. चांगले सराईत खेळाडूसुद्धा तिथेच हरायचे.

माझा सगळा संशय मागच्या टायरवर होता. चाकाचं तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष सरकणं दुसरीकडे, या दोहोंतला कोन म्हणजे स्लिप अँगल. साध्या टायरची आडवी पकड साधारण 6 ते 10 अंशांपर्यंत चढत जाते आणि मग उतरणीला लागते. ड्रिफ्टमध्ये मागची चाकं सगळा वेळ त्या उतरणीवरच असतात. टायरचा हा आलेख मांडायला हान्स पासेयका यांचं मॅजिक फॉर्म्युला नावाचं समीकरण वापरतात, आम्हीही तेच वापरत होतो. पण आमच्याकडची मोजमापं 15 अंशांवर संपत होती. त्यापुढची उतरण मी अंदाजाने आखलेली, म्हणून रोज तीच थोडी वर, थोडी खाली करत बसायची. जपानचे नावाजलेले ड्रिफ्ट चालक केइची त्सुचिया यांचे घाटातले जुने व्हिडिओ किती वेळा थांबवून थांबवून पाहिले असतील! तेव्हाही माझी नजर मागच्या चाकांवरच खिळलेली असायची.

शेवटी खऱ्या स्पर्धांमध्ये गाडी चालवणाऱ्या एका ड्रिफ्ट चालकाला आम्ही चाचणीसाठी बोलावलं. ते सीटवर बसले, दोन फेऱ्या मारल्या आणि थांबले. मला वाटलं, आता टायरबद्दल बोलतील. ते म्हणाले, "तुमचं स्टिअरिंग मेलंय."

मला कळलंच नाही. मग त्यांनी तिसरी फेरी घेतली. क्लच झटकून गाडीची मागची बाजू बाहेर काढली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले. स्टिअरिंग जरासं फिरलं, मध्येच अडखळलं आणि लुळं पडलं. पडद्यावर गाडी गोल फिरली.

"खऱ्या गाडीत मी हेच करतो," ते म्हणाले. "हात सोडतो. स्टिअरिंग आपोआप उलट्या बाजूला गरगर फिरत जातं. हवं तिथे आलं की मी फक्त पकडतो. तेवढ्या वेगाने हाताने फिरवणं कुणालाच जमायचं नाही."

मी तशीच उठून माझ्या टेबलाशी गेले आणि स्टिअरिंगच्या जोराचा कोड उघडला, म्हणजे सिम्युलेटरच्या स्टिअरिंगला मोटरने किती जोर द्यायचा ते ठरवणारा. चूक समोरच होती, आणि ती मीच लिहिली होती.

वळलेलं चाक सरळ व्हायला पाहतं, त्याला दोन मुख्य कारणं असतात. एक, टायर जमिनीला टेकतो त्या भागात आडवा जोर मध्यापेक्षा थोडा मागे पडतो. हे अंतर स्लिप अँगल वाढला की कमी होत जवळपास शून्यावर येतं. दुसरं कारण कॅस्टर. चाक वळण्याचा अक्ष मागे कललेला असतो, त्यामुळे तो जमिनीला जिथे भिडतो त्याच्या मागे टायर टेकतो. ढकलगाडीचं पुढचं चाक जसं आपोआप चालीच्या दिशेला वळतं, तसंच हे. कॅस्टर 7 अंश आणि चाकाची त्रिज्या 31 सेंटिमीटर धरली, तर हे अंतर जवळपास 38 मिलिमीटर येतं. ते स्लिप अँगलने कमी होत नाही.

मी पहिलं कारण अगदी काटेकोर लिहिलं होतं. दुसरं घातलंच नव्हतं.

शर्यतीच्या साध्या ड्रायव्हिंगमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे पुढच्या चाकांचे कोन लहान असतात आणि पहिलं कारणच बराचसा जोर पुरवतं. पण गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फेकली की पुढच्या चाकांचा कोन क्षणभर एकदम वाढतो. नेमकं तेव्हाच आमचं स्टिअरिंग गप्प व्हायचं. तीन महिने सगळे मागच्या टायरला दोष देत होतो, आणि खोट होती पुढच्या चाकांत.

गुणाकाराची एक ओळ वाढवली. तरी स्टिअरिंग सुस्तच. मग आठवलं, हाताला खरखर जाणवू नये म्हणून आम्ही स्टिअरिंगला कृत्रिम जडपणा दिला होता. खरखर गेली होती, पण स्टिअरिंगची धावही गेली होती. तो जडपणा जवळजवळ काढूनच टाकला.

संध्याकाळी ते पुन्हा बसले. खोलीत सगळे उभे होते. क्लच, झटका, गाडी आडवी. त्यांनी बोटं उघडली आणि स्टिअरिंग त्यांच्या तळव्यांखालून सरसर फिरत गेलं, रबराचा घासल्याचा आवाज ऐकू येईल इतकं. त्यांनी ते पकडलं. उलटं वळण आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा पकडलं. तिसऱ्या वळणापर्यंत ते पडद्याकडे बघत चक्क गप्पा मारत होते.

मागच्या टायरच्या माझ्या उतरणीला त्या दिवशी कुणी हात लावला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "उद्या हँडब्रेक बघू."