तुम्ही विचारलंत म्हणून : अलंकार-वृत्तांची नावे यावीच लागतात का?

साताऱ्यात मराठी शिकवत असल्यामुळे दहावीच्या मुलांचे पालक, आणि हल्ली निवृत्तीनंतर हौसेने कविता वाचू लागलेली मंडळीही, मला हटकून विचारतात, की उपमा, उत्प्रेक्षा, भुजंगप्रयात ही नावे आल्याशिवाय कविता कळत नाही का? कळते. मात्र त्या कवितेत आपल्याला नेमके काय आवडले हे दुसऱ्याला दाखवायचे झाले, की नावांवाचून अडते.

अलंकारांतला गोंधळ समोरच्या अजिंक्यताऱ्यावरून मिटवता येतो. ‘अजिंक्यतारा पहारेकऱ्यासारखा उभा आहे’ म्हटले की उपमा झाली. गड आणि पहारेकरी वेगळेच राहिले, साम्य तेवढे सांगितले. ‘अजिंक्यतारा जणू पहारेकरीच’ ही उत्प्रेक्षा, कारण गड हाच पहारेकरी असावा अशी कल्पना तिच्यात केलेली आहे. ‘अजिंक्यतारा हा साताऱ्याचा पहारेकरी’ या रूपकात दोघांतला भेदच उरत नाही. ‘हा गड नव्हे, हा तर पहारेकरी’ असे म्हणून मूळ वस्तूच नाकारली की अपन्हुती. आणि पहारेकऱ्याचे नावही न काढता ‘अजिंक्यतारा रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही’ एवढेच लिहिले, तर ती चेतनगुणोक्ती. ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ही परीक्षेतली युक्ती गुण मिळवून देते; पण कवीने दोन वस्तूंतले अंतर कुठवर मिटवत नेले, हे पाहायचे राहून जाते.

वृत्तांची भीती तर मला अनाठायीच वाटते. सज्जनगडाच्या परिसरात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेले असतात, म्हणजे भुजंगप्रयात हे त्या श्लोकांचे वृत्त त्यांच्या कानांत आधीच बसलेले असते. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ मोठ्याने म्हणत तोडून पाहावी : मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. चारही तुकड्यांत आधी एक लघू, म्हणजे ऱ्हस्व, आणि मग दोन गुरू, म्हणजे दीर्घ, अक्षरे येतात. शाळेत ‘यमाचा’ म्हणून पाठ केलेला य गण तो हाच. ‘सज्जना’तला ‘स’ ऱ्हस्व असूनही गुरू धरला, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. अभंगात लघू-गुरूची ही कटकट नाही. तिथे अक्षरे मोजायची. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे आहेत, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आहे.

नवकविता म्हणजे छंद मोडलेली कविता, हा समज मात्र खोडलाच पाहिजे. नवकवितेचे अग्रणी बा. सी. मर्ढेकर यांच्या आडनावातले मर्ढे गाव आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या ओळीने भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकले, पण तिच्या मात्रा मोजाव्यात, लघूची एक आणि गुरूच्या दोन : आठ आणि आठ, म्हणजे पादाकुलक या वृत्ताच्या सरळ सोळा. ‘उंदीर’ लिहिले असते तर एक मात्रा वाढली असती, म्हणून तिथे ‘उंदिर’ आहे.