खापरपणजोबा नावाने सापडत नाही, नंबराने सापडतो

आमच्या टीममधला एक अमेरिकन सहकारी आहे, ओहायोचा. एकदा कॉल संपत आला असताना त्याने सहज स्क्रीन शेअर करून मला त्याच्या खापरपणजोबाचं लोणी दाखवलं. लोणी म्हणजे लोण्याची नोंद हो. तिकडे १८५० ते १८८० च्या जनगणनांमध्ये शेतकऱ्यांचा वेगळा तक्ता असायचा, त्यात नावानिशी किती एकर वहितीखाली, किती घोडे, किती दुभत्या गाई, वर्षभरात किती पौंड लोणी काढलं, सगळं लिहिलेलं. आणि हे भाऊने घरी सोफ्यावर बसून नाव टाकून शोधलं. माझा असला जळफळाट झाला म्हणून सांगू! त्या रात्रीच ठरवलं की आपलाही काढायचा. आपला म्हणजे इंदापूर तालुक्यातला, भीमेकाठचा साधा कुणबी शेतकरी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, भाऊबंदकीचा एक दावा अजून चालू आहे आणि आमच्याकडची मंडळी हल्ली सगळं वाचतात.

आता जनगणना आपल्याकडेही झालीच की. १८७२ ची पहिली म्हणतात पण ती सगळीकडे एका वेळी झाली नव्हती, देशभर एकदम शिरगणती झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. म्हणजे त्या रात्री कुणीतरी कंदील घेऊन आमच्या दारात आला असणार, म्हाताऱ्याला वय विचारलं असणार आणि त्याने अंदाजे काहीतरी ठोकून दिलं असणार. पण ते कागद बेरजा करण्यापुरते. बेरजा झाल्या, छापील तक्ते निघाले, घराघरांचे कागद गेले. आज हातात येतं ते तालुक्यात बाप्ये किती, बाया किती, शेतीवर किती. त्यात आपला माणूस आहे, पण एक आकडा म्हणून. आणि नंतरच्या जनगणनांचंही तेच, १९४८ चा कायदा सांगतो की वैयक्तिक माहिती कुणालाही बघायला मिळणार नाही. अमेरिकेत ७२ वर्षांनी खुली होते, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी, आपल्याकडे तशी मुदतच नाही. तर जनगणनेचा नाद सोडा. त्या परदेशी वंशावळीच्या ॲपवर पैसे तर अजिबात घालवू नका.

आपल्या शेतकऱ्याला शोधायचं तर सरकारला त्याच्याकडून काय हवं होतं ते बघायचं. हवा होता सारा. आणि सारा माणसावर नाही, जमिनीवर लागतो. म्हणून नाव घेऊन कचेरीत गेलं की कुणीच दाद देत नाही, कारण जुन्या कागदात आडनाव बहुतेक नसतंच, "अमका बिन तमका कुणबी" एवढंच, आणि गावात तेच दहाबारा नावं फिरून फिरून येतात, आजोबाचं नातवाला ठेवायची पद्धत. पण सर्व्हे नंबर सांगितला की कारकून लगेच मान वर करतो.

तर सुरुवात आजच्या सातबारावरून. त्यावर गट नंबर असतो आणि तो तसा अलीकडचा, तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यातून आलेला, म्हणून आधी एकत्रीकरणाचे ९(३) ९(४) चे उतारे काढून आपल्या गटाखाली जुना सर्व्हे नंबर कुठला ते काढायचं. हे केलं नाही तर पुढचं सगळं मुसळ केरात. मग त्या सर्व्हे नंबरचे फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, एकामागे एक, उलटे. बरेचसे आता ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर स्कॅन करून ठेवलेत, थोडी फी भरून पीडीएफ मिळते, बाकीचे तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. एका कचेरीत मला तीनदा "रजिस्टर बाइंडिंगला गेलंय" असं सांगितलं, असो. २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून एक झालंय, तुम्ही जुनं रजिस्टर मागितलं की समोरचा आधी विचारतो, "दाखल्यासाठी का?" मी म्हणायचो नाही, असंच. असंच म्हटल्यावर संशय वाढतो. पुढच्या वेळी हो म्हणणार आहे.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार त्याच्या फार मागे जात नाहीत. आमचा सगळ्यात जुना सापडला तो वारसाचा. खापरपणजोबा मयत, मुलगे दोन, थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटा लहान होता म्हणून त्याच्या नावापुढे अ.पा.क. आई, आणि त्या आईचं नाव. अज्ञान पालन करणारी! आमच्या घरात त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या आजीलासुद्धा नाही. धाकटा पोरगा चारपाच वर्षं आधी जन्मला असता तर ती कागदावर आलीच नसती. मुलींचा तर पत्ताच नाही, किती होत्या, कुठे दिल्या, काही नाही.

इथवर पुष्कळ जण येतात आणि थांबतात. खरी मजा याच्या मागे आहे, मोजणीच्या कागदांत. आणि याबाबतीत इंदापूरकर नशीबवान. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्यात जी आकारणी केली ती इतकी जड होती की लोक जमिनी टाकून शेजारच्या संस्थानांत पळाले, रानं ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३६ च्या सुमारास नवी पाहणी सुरू केली, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. ही नवी पद्धत सुरू झाली ती इंदापूर तालुक्यात. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात तीच गेली. आपण आज गुंठा गुंठा करतो ना, तो त्याच साखळीचा, ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट. पुण्यात गुंठेवारीचा प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाने विंगेटसाहेबाची साखळी वापरलेली आहे.

या पद्धतीत प्रतबुक म्हणून एक प्रकार आहे. माझं तर प्रेमच बसलं त्याच्यावर. शेताची चौकट काढून तिचे सारखे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात खणून माती किती हात खोल लागली ते, आणि दोषांच्या खुणा, चुनखड, रेती, उतार, पाणी धरून राहणं, अशा. त्यावरून त्या तुकड्याची प्रत आण्यांत, सोळा आण्यांपासून खाली दोन आण्यांपर्यंत. आमचे दोन नंबर. नदीकडचा काळा, जवळपास सगळे चौकोन वरच्या प्रतीचे. दुसरा माळाचा, त्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात खोली जेमतेम आणि चुनखडीची खूण. त्याच कोपऱ्यात माझ्या चुलतभावाने हौसेने बोअर घेतली होती, पाणी नाही लागलं, पैसे तेवढे गेले. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, "हे आधी दाखवायचं की राव." काळा नंबर उजनीत गेला, धरण भरल्यापासून पाण्याखाली आहे. त्या रानाची माती कशी होती हे आता आम्हाला फक्त त्या कागदावरून कळतं. राहिला तो माळ.

तीस वर्षांनी फेरआकारणी झाली, त्यातल्या खातेदारांच्या यादीत दोन्ही नंबरांसमोर आमचं नाव आहे, बिन लावून बापाचंही. म्हणजे एक पिढी आणखी मागे. यानंतर १८७५ ला शेजारच्या भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या, गहाणखतं जाळली, पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ, कितीतरी जमिनी त्या वर्षांत हातच्या गेल्या. आमच्या दोन्ही नंबरांवर मात्र नाव टिकून. त्या माणसाचं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते याचंच, लढाया बिढायांचं नाही.

लढाया म्हणायचं कारण आमचे आप्पा. आप्पा म्हणजे थोरले काका. त्यांच्या मते आपण गावचे मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचे मालक, छत्रपतींच्या फौजेत घोड्यावर होतो, जमीन त्याबद्दल मिळाली. म्हणून १८३६ च्या आधीचं बघायला कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दफ्तरात गेलो, पुणे पुराभिलेखागार ते. रुमालात बांधलेले कागद, सगळी मोडी. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी लटकवत जातात, शब्द कुठे संपला ते समजायला मार्ग नाही, त्यात वर्ष फसली, म्हणजे जुनं महसुली, त्यात ५९० मिळवून इसवी सन काढा. मोडी शिकवणारे एक ओळखीचे सर सोबत आले म्हणून निभावलं. गावचं जुनं लावणीपत्रक मिळालं, मिरासदारांची घराणी थळांसकट, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या जमिनींसकट लिहिलेली. पाटील आहेत, चौगुला आहे, सध्या ज्यांच्याशी आमचा दावा चालू आहे ते तर आहेतच. आम्ही नाही. उपऱ्यांतही नाही, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्यांतही नाही.

माझा अंदाज सरळ आहे. नवे दर उतरले, पडीक रान वाटेल त्याला कसायला मिळत होतं, तेव्हा आमचा पूर्वज कुठूनतरी बैल घेऊन आला आणि राहिला. मला तर हे फौजेपेक्षा भारी वाटलं, दुसऱ्याने टाकलेलं रान उचलून पुढे टिकवणं. आप्पांना सांगितलं तर आधी काही बोललेच नाहीत, चहा संपवला, मग म्हणाले, "तुझ्या त्या सरांना मोडी नीट येत नसेल."

आता मूळ गाव कुठलं हे काढायचंय. ते जमिनीच्या कागदात सापडणार नाही, ते नाशिकला तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत असेल तर असेल, कुणीतरी अस्थी घेऊन गेलाच असेल आणि तिथे गाव, कूळ, बाप, आजा सांगून नाव लिहवून आला असेल. पावसाळा संपला की निघतो. आप्पा म्हणाले मीही येतो. पण अट घातलीय, चोपडी आधी ते वाचणार.