दीड सेनचं देणं: मात्सुयामात ‘बोच्चान’च्या मागावर

जपानमधल्या मात्सुयामा शहराला शक्यतो समुद्रातून जावं. हिरोशिमाच्या उजिना बंदरातून जलद बोट साधारण सत्तर मिनिटांत पोचवते. मोठ्या फेरीला अडीच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण डेकवर उभं राहून बेटं बघत जाता येतं. नात्सुमे सोसेकीच्या १९०६ सालच्या ‘बोच्चान’ कादंबरीतला तरुण गणितशिक्षक बोटीनंच या गावात उतरतो, आणि उतरल्या क्षणापासून गावाला नावं ठेवायला लागतो. कादंबरीत गावाचं नाव येत नाही, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांनाही तिथे ‘सुमिता’ म्हटलंय. तरी आज अख्ख्या शहरानं या तोंडाळ माणसाला आपला मानलंय.

रेल्वे स्टेशनवरून पाच नंबरची ट्राम दोगोला जाते. मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी पैसे टाकायचे. ‘बोच्चान रेश्शा’ ही जुन्या इंजिनासारखी दिसणारी गाडी २००१ पासून याच रुळांवर धावते, पण डिझेलवर. ती रोज नसते, म्हणून वार बघून बेत ठरवावा. शेवटच्या थांब्यावर मात्र नक्की थांबा. इंजिनाखालच्या जॅकवर ते उचलून कर्मचारी हातानं फिरवतात, डबेही ढकलून जोडतात. कादंबरीत या गाडीला काडेपेटीची उपमा आहे. भाडं तीन सेन (शंभर सेनचा एक येन), प्रवास पाचेक मिनिटांचा.

दोगो ओनसेन होनकान ही सार्वजनिक स्नानगृहाची तीन मजली लाकडी इमारत १८९४ची. दुरुस्तीनंतर जुलै २०२४ मध्ये ती पुन्हा पूर्ण उघडली. सकाळी सहाला वरच्या मनोऱ्यातला नगारा वाजतो आणि दारं उघडतात. तेव्हाच जावं, दुपारनंतर गर्दीत दगडी हौद नीट दिसतही नाही. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं, आणि टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. बोच्चाननं हे पाळलं नव्हतं. त्याच्या टॉवेलचे लाल पट्टे पाण्यानं विरघळून पसरले आणि पोरांनी त्याला ‘लाल टॉवेल’ नाव पाडलं. रिकामा हौद बघून तो पोहायचा, तर एके दिवशी भिंतीवर पोहायला मनाई करणारी पाटी आली. पुरुषांच्या ‘कामी-नो-यू’ हौदाशी तशी पाटी आजही आहे. बाहेर मिळणारे हिरवे, पिवळे, तांबूस असे तीन रंगांचे ‘बोच्चान दांगो’, म्हणजे पिठाचे गोड गोळे, चवीला चांगले, पण कादंबरीत तो दोन बशा दांगो खातो एवढंच येतं, रंगांचा उल्लेख नाही.

या पाट्या, गाड्या आणि दांगोंच्या गर्दीत मूळ माणूस हरवतो, याचं मला वाईट वाटतं. बोच्चान उतावळा आहे, कानाचा हलका आहे, माणसांना भेटल्या भेटल्या टोपणनावं देऊन मोकळा होतो. पण दीड सेनचा प्रसंग पाहा. ‘साळिंदर’ म्हणून ओळखला जाणारा सहकारी होत्ता त्याला बर्फाचं पाणी पाजतो. किंमत दीड सेन. पुढे साहित्याचा पदवीधर असलेला उपमुख्याध्यापक ‘लाल सदरा’ त्याच्या कानात काही भरवतो, आणि होत्ता दगाबाज आहे असं याला वाटतं. झालं, दुसऱ्या दिवशी दीड सेन होत्ताच्या टेबलावर. अशा माणसाचा मिंधा राहायचं नाही! होत्ता पैसे उचलत नाही, हाही परत घेत नाही, आणि नाणी तिथे धूळ खात पडतात.

त्याच वेळी त्याला घरच्या म्हाताऱ्या मोलकरणीनं, कियोनं, दिलेले तीन येन आठवतात. ही रक्कम दीड सेनच्या दोनशे पट, आणि पाच वर्षं झाली तरी परत केलेली नाही. ऐपत नाही म्हणून नव्हे, करायचीच नाही म्हणून. कियो त्याला परकी नाहीच, मग तिला परतफेड करणं म्हणजे तिच्या मायेवर शंका घेणं. मिंधेपण आणि आपुलकी यांतला फरक त्याला पक्का कळतो. होत्ताबद्दल तो साफ चुकलेला असतो, तरी हा हिशोब चुकत नाही. गैरसमज फिटल्यावर ते दीड सेन तो स्वतःच उचलून बटव्यात टाकतो.

शिक्षकांच्या सभेत होत्ता म्हणतो की रात्रपाळीचा शिक्षक काम सोडून स्नानाला गेला, ही गंभीर गोष्ट आहे. तो शिक्षक म्हणजे बोच्चानच. तो उठतो, गेलो होतो, चुकलं, माफी मागतो, एवढं बोलून बसतो. सगळे हसतात. पुढे उरानारी टोपणनावाच्या गरीब शिक्षकाला मनाविरुद्ध दूर बदलून पाठवतात आणि त्यातून याच्या चाळीस येन पगारात वाढ निघते. घरमालकिणीकडून खरं कळताच तो लाल सदऱ्याच्या घरी जाऊन ती वाढ नाकारतो. त्याला वाद घालता येत नाही, समोरचा शब्दांत गुंडाळतो, तरी नकार ठाम राहतो.

सोसेकी स्वतः १८९५ मध्ये इथल्या माध्यमिक शाळेत ऐंशी येन पगारावर इंग्रजी शिकवायला आला आणि वर्षभरात कुमामोतोला गेला. पुढे एका भाषणात तो म्हणाला की त्या शाळेत साहित्याचा पदवीधर मी एकटाच, तेव्हा पात्रांमागे खरी माणसं शोधायचीच तर लाल सदरा मीच ठरतो. दोगो उद्यानातलं शिकी संग्रहालय पाहताना हे आठवावं. सोसेकी आणि कवी मासाओका शिकी ज्या घरात बावन्न दिवस एकत्र राहिले, त्याच्या खालच्या मजल्याची प्रतिकृती तिथे आहे. मूळ घर १९४५च्या हवाई हल्ल्यात जळालं.

परतीच्या दिवशी मात्सुयामा-शी स्टेशनवरून ताकाहामाची लोकल पकडा. ताकाहामाजवळच्या समुद्रात शिजूशिमा हे पाइन वृक्षांचं चिमुकलं बेट आहे, कादंबरीतलं ‘टर्नर बेट’ ते हेच मानतात. वाटेत मित्सु स्टेशनला उतरून जुन्या बंदरापर्यंत चालत जा, शक्यतो संध्याकाळी पाचच्या सुमारास. लाल सदरा आणि त्याच्या चमच्याला पहाटे चोप दिल्यावर बोच्चान आणि होत्तानं सांगून ठेवलं होतं की पाच वाजेपर्यंत बंदरावरच्या मिनातोया लॉजवर आहोत, पोलीस पाठवायचे तर पाठवा. पोलीस आलेच नाहीत. बोच्चानचा राजीनामा टपालानं गेला, आणि बोट सहाला सुटली.