कंदीलपुष्पे, गुलाब आणि त्यांचे पाठीराखे

बागेत आपण जे झाड सहज लावतो, त्याच्यामागे बहुधा कोणीतरी वर्षानुवर्षे खपलेले असते, आणि कोल्हापूरकरांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण शिवाजी विद्यापीठातच सापडते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. श्रीरंग यादव यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचा, म्हणजे सेरोपेजियांचा, अनेक दशके ध्यास घेतला. कड्याकपारीतल्या दुर्मीळ जाती त्यांनी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या आणि विद्यार्थ्यांनाही त्या कामाला लावले. विशाळगडावर सापडलेली ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ ही नवी जाती २०२३ मध्ये जगासमोर आली, ती याच परंपरेतून.

हे फूल जवळून पाहण्यासारखे आहे. बहुतेक जातींत पाच पाकळ्यांची टोके वर एकमेकांना जुळतात आणि खाली फुगीर नळी तयार होते. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात, त्यामुळे चिलटाएवढी माशी आत शिरते खरी, पण तिला परत वर चढता येत नाही. पुढे केस मलूल झाले की ती सुटते आणि परागांचे पुंजके अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. दुर्दैवाने कंद खाण्याजोगा असल्याने माणूस, रानडुक्कर आणि साळिंदर हे तिघेही तो उकरतात.

गुलाबाच्या बाबतीत असाच ध्यास डॉ. बी. पी. पाल यांनी घेतला. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करणारे आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ आपल्या हवेत तग धरणारे गुलाब घडवत राहिले, ‘डॉ. होमी भाभा’ हा त्यांचा पांढरा गुलाब मला फार प्रिय आहे. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने फुलासाठी वेळ काढावा, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

मात्र गुलाबाची कलमे प्रत्येक रोपवाटिकेत मिळतात, आणि कंदीलपुष्पाची रोपे क्वचितच. हे चित्र बदलायला हवे, पण गडावरून कंद उपटून आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. रोपे बियांपासूनच तयार व्हायला हवीत. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून कंद कुजतो, म्हणून कुंडीत मुरूम आणि पालापाचोळ्याचे खत मिसळावे आणि वेल सुकल्यावर पाणी तोडावे. शेंग तडकण्याआधी तिला मलमलीची चिंधी सैलसर बांधावी, कारण रेशमी केसांचे बी वाऱ्यावर उडून जाते.