अठरा शेक झाले होते

मावशी सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. रेडिएशनच्या वहीत त्यांच्या नावापुढे शुक्रवारपर्यंत अठरा खुणा होत्या, पुढचे बारा चौकोन कोरे. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, त्यावर तीस शेक. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी.

मी नागपुरातल्या एका दवाखान्यात पेशंटच्या सोबतीनं फिरायचं काम करते. ओळखपत्रावर ‘पेशंट नेव्हिगेटर’ आहे, पेशंट मात्र ‘कागदवाल्या मॅडम’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडून बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून माणसं येतात. गणेशपेठला उतरतात तेव्हा हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीत कुणीतरी ‘लवकर नागपूरला जा’ म्हणून दिलेली चिठ्ठी.

मावशींची पहिली अडचण नावाची होती. रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नात नाव बदललेल्या आपल्या बायकांचं हे जुनंच दुखणं. महात्मा फुले योजनेची मंजुरी त्यामुळे अडली. (2017 मध्ये योजनेचं नाव बदललं, गावाकडे अजून ‘जीवनदायी’च म्हणतात.) काका, म्हणजे मावशींचे यजमान, दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरले. प्रत्येक खिडकी आपापल्या जागी बरोबर होती, म्हणूनच कुणी त्यांचं ऐकून घेत नव्हतं. तहसीलमधून काय आणायचं ते मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि चार दिवसांत मार्ग निघाला.

आणि मग हा सोमवार. फाइलवरचा नंबर लावला तर फोन पुण्यात पुतण्यानं उचलला. काकूचं ऑपरेशन झालं एवढंच त्याला माहीत, शेकाचं काहीच नाही. नंबर भरून घेताना ‘हा फोन कुणाचा?’ हे मी विचारलं नव्हतं. चूक माझी. त्यात आणखी दोन दिवस गेले. रेडिएशनमध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला उसंत मिळते. शेतीची कामं आटोपून उरलेले शेक घेऊ, असं इथे चालत नाही.

शेवटी गावच्या आशाताई सापडल्या. संध्याकाळी बांधावरून चिखल तुडवत त्या घरी गेल्या आणि तिथूनच फोन लावून दिला. मावशींना बोलता येत नव्हतं. काका बोलले, ‘‘मॅडम, तिचं तोंड पुरं सोललं जी. पाणी बी गिळता येत नाई. लोकं म्हन्तात, शेकानं जाळलं. अन् इकडं धानाची रोवनी लागली, मी काय करू?’’

तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, हे अपेक्षितच असतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ते सांगितलंही होतं, मी तिथेच उभी होते. पण त्या दिवशी ‘कॅन्सर’ या शब्दापलीकडे त्या दोघांना काय ऐकू गेलं असेल? तोंड सोलतं त्या आठवड्यात पुन्हा सांगणारं माणूस लागतं. माझ्या कामाचा अर्थ मला त्या फोनवर नीट कळला.

न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जननी 1990 मध्ये हे काम पहिल्यांदा सुरू केलं. त्यांच्याकडच्या गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय बायकांपैकी स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्या पूर्वी शंभरात 39 होत्या. मोफत तपासणी आणि हाताला धरून नेणारं माणूस, दोन्ही मिळाल्यावर त्या 70 झाल्या. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं अशी माणसं तयार करायचा अभ्यासक्रम काढला, त्याला नाव दिलं ‘केवट’, म्हणजे नावाडी. वैनगंगेकाठच्या माणसाला केवट समजावून सांगावा लागत नाही.

मावशी आल्या. काका रोवणीला थांबले, सोबत लेक आली. दोघीही बायका, म्हणून एसटीचं तिकीट अर्धं, तेवढाच आधार. धर्मशाळेत खोली मिळाली. डॉक्टरांनी तोंड बधिर करणारं औषध दिलं, नाकातून नळी घातली. लेक त्यातून दूध आणि गाळलेली पेज द्यायची, प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची. मध्ये नऊ दिवस बुडाले, त्याची रुखरुख मला आजही आहे. पण बाराही चौकोन भरले.

आता फाइलवर मी तीन नंबर घेते. कुणाचा, तो माणूस राहतो कुठे, तिथे रेंज किती वाजता येते, सगळं लिहून. तिसरा नंबर आशाताईंचा.

मागच्या आठवड्यात मावशी तपासणीला आल्या होत्या. वीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यावर ऑपरेशन आणि शेक, त्यामुळे जबडा आखडलाय. तोंड उघडायच्या व्यायामाला आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या देतो. एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. सुरुवातीला नऊ जायच्या. मावशींनी पदराची गाठ सोडली, जुडगा काढला, माझ्यासमोर दातांत धरला आणि बोटानं मोजायला लावला. चौदा.

‘‘आनखी काड्या द्या,’’ म्हणाल्या, ‘‘ह्या पुरत नाईत.’’