आयईएलटीएस स्पीकिंग: चोपड्याच्या गच्चीवर केलेली तयारी

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागाला, ७ बँड (गुण) लागतात. रायटिंगला साडेसहा चालतात, स्पीकिंगला ती सवलत नाही. माझी शाळा मराठी माध्यमाची, घरात अहिराणी, वॉर्डात मराठी. इंग्रजी वाचता-लिहिता यायचं, पण सलग बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. म्हणून सगळ्यात जास्त जोर याच भागावर दिला.

क्लासमध्ये छापील उत्तरांचा गठ्ठा मिळाला. आवडतं ठिकाण विचारलं की सगळ्यांनी तोच समुद्रकिनारा सांगायचा. मी तो गठ्ठा बाजूला ठेवला. खानदेशातल्या चोपडा गावच्या मुलीने न पाहिलेला समुद्र कशाला सांगायचा? परीक्षकाने एक उपप्रश्न विचारला की पाठांतर उघडं पडतं.

स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी. तो सरावाने जमतो. कस लागतो दुसऱ्या भागात. विषयाचं कार्ड हातात येतं, विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत आपण एकटंच बोलायचं. कागद-पेन्सिल मिळते, पण वाक्यं लिहीत बसलं तर ते मिनिट तसंच जातं. मी चारच शब्द टिपायचे. सणाचं कार्ड असेल तर: कानबाई, रोट, जागरण, नदी. कानबाई ही आमची खानदेशातली देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. हे क्रमाने सांगत गेलं की दोन मिनिटं कमीच पडतात.

संध्याकाळी गच्चीवर फोनवर रेकॉर्डिंग लावून बोलायचे. आजीने एकदा विचारलं, "कोनासंगे बोली राहिनी वं?" परीक्षेचं सांगितलं, तर सुपात निवडायचे गहू घेऊन समोरच बसली. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण मी अडखळले की गहू निवडणारे तिचे हात थांबायचे. ते थांबू नयेत म्हणून मी वाक्य कसंही पुढे न्यायचे. यापेक्षा चांगला सराव मला कुठल्याच क्लासात मिळाला नसता.

ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखंच वजन असतं. साहेबी ढब आणायची गरज नाही, बोलणं स्पष्ट कळलं पाहिजे. रेकॉर्डिंग ऐकताना मी दोनच गोष्टी धरल्या: अनेकवचनाचा शेवटचा 'स' गळतो का, आणि भूतकाळातली गोष्ट मध्येच वर्तमानात घसरते का.

तिसऱ्या भागात मत विचारतात. गावातली तरुण मुलं शहरात का जातात, असे प्रश्न मी स्वतःलाच घालायचे. कापूस वेचायला मजूर मिळत नाही, पिकाच्या भावाचा भरवसा नाही, हे घरात रोज ऐकलेलं. त्यामुळे कारण, उदाहरण आणि दुसरी बाजू सहज सुचायची. प्रश्न नीट कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं, हेही तोंडात बसवून ठेवलं.

परीक्षा पुण्याला दिली. कार्ड ओळखीचं नव्हतं, तरी चार शब्द टिपून बोलत गेले. स्पीकिंगला साडेसात आले. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून नोंदणीची कागदपत्रं लगेच जमवायला घेतली आहेत.